बावन्न जणांचें वऱ्हाड आणि एक उपरणें

गेल्या चातुर्मासांतील गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती आणि घरचीं लहानथोर माणसें ओसरीवर बसलीं होतीं. आमचा आठ वर्षांचा नातू एकाएकीं उठला. खुंटीवरचें आमचें उपरणें त्यानें खांद्यावर टाकलें, नाकावर नसलेला चष्मा बोटानें वर सारला, दोनदां घसा खाकरला आणि हुबेहूब आमच्या स्वरांत म्हणाला, "आजचें वर्तमानपत्र कोणीं नेलें? समजलें का, अजून आमचें पहिलें पानसुद्धां वाचून झालेलें नाहीं!"

क्षणभर कोणीच कांहीं बोलेना. मग आमच्या थोरल्या वहिनी तोंडाशीं पदर धरून हंसूं लागल्या, धाकटे बंधु हंसले, शेजारचीं मुलें तर गडबडां लोळूं लागलीं. सूनबाईंनीं मात्र डोळे वटारले. "आबांची नक्कल करतोस? वडील माणसांची अशी थट्टा करतात का?" असें म्हणून त्या त्याच्या पाठींत धपाटा घालणार, इतक्यांत आम्हीं त्यांस थांबविलें. मुलानें पुन्हां एकदां तेंच करून दाखवावें अशी आज्ञा केली, आणि त्यानें ती आनंदानें पाळली.

'समजलें का' हे दोन शब्द आम्ही प्रत्येक वाक्यास जोडतों, हें आम्हांस जन्मभरांत एकदांच पूर्वी कोणीं दाखवून दिलें होतें. त्या दाखविणाऱ्याचें आम्हीं काय केलें तें पुढें ओघानें येईलच. तूर्त इतकेंच सांगतों कीं, त्या संध्याकाळपासून नक्कल या विषयानें आमच्या मनांत ठाण मांडलें, आणि त्याबरोबर एका थोर नकलाकाराची आठवण जागी झाली. ती वाचकांपुढें मांडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

नक्कल या शब्दास आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाहीं. परीक्षेंत शेजाऱ्याचें पाहून लिहिणें ही नक्कल; बाजारांतला बनावट माल म्हणजेही नक्कलच. परंतु ह्याच शब्दाचा एक तिसरा अर्थ कचेरींत चालतो. मूळ दस्तऐवज दप्तरांत असतो, आणि आपणांस मिळते ती त्याची नक्कल. तिच्यावर अधिकाऱ्याचा शिक्का पडला कीं ती मुळाइतकीच ग्राह्य होते. तेव्हां नक्कल खोटीही असते आणि खरीही असते. माणसाच्या नकलेलाही हाच न्याय लावला पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे.

आमच्या सोलापुरास नकलेचें वेड जुनेंच. लहानपणीं दारावर बहुरूपी येत. कोणी त्यांस रायरंदही म्हणत. कोणी खाकी पोशाख चढवून, मिशा पिळून, अंगणांत उभा राहून घरच्या कर्त्या पुरुषावर लटकाच खटला भरी, आणि शेवटीं पसाभर जोंधळे घेऊन आशीर्वाद देत निघून जाई. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली म्हणजे सोंगाढोंगांस ऊत येई. शिवाय ह्या शहराचा कानच निराळा. मराठीबरोबर येथें कानडी आहे, विणकामासाठीं तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू आहे, दख्खनी उर्दू आहे. येथील पोर दूध आणावयास जातांना एका भाषेंत बोलतें, पतंगाचा मांजा आणतांना दुसऱ्या, आणि भांडतांना तिन्ही मिसळून. अशा गांवांत जन्मास आलेलें मूल दुसऱ्याच्या बोलण्याचा ढंग आपोआप उचलतें, ह्यांत नवल नाहीं.

कोणी म्हणेल, बहुरूप्याचा धंदा आणि शिष्टांची कला ह्यांची सांगड कशाला? आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झालें. पुढचीं वर्षें पाठशाळेंत गेलीं. तेव्हां ह्या शंकेचें उत्तर आम्ही आमच्या घरच्या शास्त्रांतूनच देतों. लोकांचें वागणें जसें असेल तसें अनुकरण करून दाखविणें तेंच नाट्य, असें भरतमुनींनीं सांगितलें आहे. आणि हास्यरसाची उत्पत्तीही त्यांनीं अनुकरणाशींच जोडली आहे. इतकेंच नव्हे, तर रूपकांचे जे दहा प्रकार शास्त्रकारांनीं मानले, त्यांत 'भाण' नांवाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. भाणांत रंगभूमीवर नट एकच. तो नगराच्या रस्त्यानें चालतो. वाटेंत शेंकडों माणसें त्यास भेटतात, पण प्रेक्षकांस त्यांतलें एकही दिसत नाहीं. नट आकाशाकडे कान लावून "काय म्हणतां?" असें विचारतो, न दिसणाऱ्या माणसाचें वाक्य आपणच उच्चारतो आणि आपणच त्यास उत्तर देतो. ह्या युक्तीस आकाशभाषित म्हणतात. असे चार जुने भाण 'चतुर्भाणी' ह्या नांवानें १९२२ सालीं एकत्र छापून निघाले. त्यांतल्या 'पादताडितक' नांवाच्या भाणांत देशोदेशींचे लोक, त्यांच्या लकबी आणि त्यांचीं उच्चारणें अशा कांहीं कौशल्यानें टिपलीं आहेत कीं, तो श्यामिलक कवि आमच्या गड्ड्याच्या यात्रेंत हिंडून गेला असावा असें वाटतें. तात्पर्य, एका नटानें अनेकांचीं रूपें घेणें ही आपल्याकडे दीड हजार वर्षांची जुनी वहिवाट आहे. कीर्तनकार बुवांनीं ती देवळांत चालू ठेविली. खांद्यावरचें उपरणें डोक्यावरून घेतलें कीं बुवा कैकेयी झाले. तेंच कमरेस बांधलें कीं दशरथ झाले.

ही वहिवाट अर्वाचीन मराठी रंगभूमीवर पुनः थाटानें आणण्याचें श्रेय पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) ह्यांस दिलें पाहिजे. ते १९५५ सालीं आकाशवाणींत गेले. पुढें दूरचित्रवाणीचें तंत्र शिकण्यासाठीं त्यांस लंडनला बीबीसीकडे पाठविण्यांत आलें, आणि १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस भारतांतील दूरचित्रवाणीचा आरंभ झाला तेव्हां त्या प्रारंभीच्या कार्यकर्त्यांत ते होते. एवढें नवें यंत्र हातांशीं असतांना हा मनुष्य काय करतो? तो नोकरी सोडून परत येतो, आणि १९६१ सालीं मुंबईंत 'बटाट्याची चाळ' घेऊन रंगभूमीवर एकटा उभा राहतो. चाळींतले बिऱ्हाडकरू एकामागून एक त्याच्या तोंडून बोलूं लागतात. हातचें यंत्र सोडून त्यानें आपला गळा आणि आपला कान एवढ्यावरच भिस्त ठेविली, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

परंतु चाळींतलें बोलणें झालें तरी तें मुंबईच्या पांढरपेशा माणसांचें बोलणें. ऐकणारे तेच आणि बोलणारेही तेच; त्यामुळें त्या हंसण्यांत परकेपणा नव्हता. खरी कसोटी पुढें लागावयाची होती. ती ज्यांनीं दिली त्या प्रा. लक्ष्मण देशपांडे ह्यांच्याकडे आतां वळूं.

लक्ष्मणराव देशपांडे ह्यांचा जन्म ५ डिसेंबर १९४३ चा. तेव्हांचें औरंगाबाद म्हणजे आतांचें छत्रपती संभाजीनगर. तेथील मराठवाडा विद्यापीठांत, ज्यास १९९४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्यांत आलें, ते नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. म्हणजे दिवसा विद्यार्थ्यांस नाट्याचें शास्त्र शिकविणारा हा गृहस्थ. प्राध्यापक म्हटला म्हणजे त्यानें जाड चष्म्यांतून ग्रंथ पाहावे, व्याख्यानें द्यावीं, निवृत्त व्हावें असा सामान्य क्रम. ह्यांनीं तो मोडला. त्यांनीं स्वतः एक नाटक लिहिलें, स्वतःच त्याचें दिग्दर्शन केलें आणि त्यांतल्या सर्व भूमिकाही स्वतःच केल्या. त्या नाटकाचें नांव 'वऱ्हाड निघालंय लंडनला'.

कथानक सांगावयाचें तर चार ओळींत संपतें. मराठवाड्यांतल्या एका खेड्यांतला मुलगा लंडनला जातो. तेथील एका गोऱ्या मुलीशीं त्याचें लग्न ठरतें. आणि ह्या लग्नास गांवाकडचें सगळें गणगोत विलायतेस जावयास निघतें. निघण्याची धांदल, रुसवेफुगवे, एस. टी. ची गर्दी, विमानाचा पहिला प्रवास — एवढाच मालमसाला. परंतु त्या धांदलींत लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, बायकांपासून बाप्यांपर्यंत बावन्न माणसें आहेत, आणि तीं सर्व एकाच देहांत राहतात. प्रयोग सुमारें तीन तास चाले. पडदा बदलत नसे, वेष बदलत नसे. हातीं काय, तर एक उपरणें. सन २००४ मध्यें ह्या पराक्रमाची नोंद गिनीज बुकांत झाली. तत्पूर्वीच महाराष्ट्राच्या गांवोगांवीं आणि परदेशांतल्या मराठी माणसांपुढेंही त्याचे प्रयोग होऊन गेले होते. बबन्या आणि बाप्पा हीं त्यांतलीं नांवें ध्वनिफितींवरून घरोघर पोंचलीं आणि मुलें तीं वाक्यें पाठ म्हणूं लागलीं.

आम्हीं हा प्रयोग प्रथम पाहिला तो सोलापुरांतच. आम्ही तेव्हां शाळेंत नुकतेच कायम झालों होतों. खरें सांगतों, आम्ही थोड्या आढ्यतेनेंच गेलों होतों. गांवंढळ बोलीवर तीन तास हंसावयाचें, ह्यांत कसली आली कला, अशी आमची समजूत. पहिल्या अर्ध्या तासांत ती गळून पडली.

ती कशी गळाली तें सांगावयाचा प्रयत्न करतों. भाणांतला नट न दिसणाऱ्या माणसाचें वाक्य केवळ उच्चारून दाखवितो. त्या माणसाचें रूप तो घेत नाहीं. लक्ष्मणराव दोन्ही बाजूंचें रूप घेत. बाप आणि लेक बोलत आहेत असें समजा. लेक बोलतांना नजर वर जाई, मान किंचित् मागें कले, आवाज नाकांतून येई. पुढच्याच क्षणीं खांदा वळे, नजर खालीं येई, छाती रुंद होई, आणि तो बाप असे. ह्या दोहोंमध्यें पळभराचाही विलंब नाहीं. उपरणें डोक्यावरून आलें कीं म्हातारी, गळ्याभोवतीं पडलें कीं गांवांतला पुढारी. थोड्या वेळानें प्रेक्षक उपरण्याकडे पाहीनासेच होत. नजरेच्या उंचीवरूनच समोरचा माणूस केवढा आहे, उभा आहे कीं बसला आहे, हें त्यांस कळूं लागे. रंगमंचावर एकच माणूस होता, परंतु आमच्या शेजारीं बसलेल्या गृहस्थांनीं मध्यंतरांत आम्हांस विचारलें, "ती म्हातारी मघांपासून कोपऱ्यांतच बसली आहे, तिला कोणीं चहा कसा दिला नाहीं?" ह्याहून मोठें प्रशस्तिपत्र नटास कोणतें हवें?

दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची. ती बोली खोटी नव्हती. शहरांतले नट खेडुताचें सोंग आणतात तेव्हां चार अपशब्द, एक डुगडुगती मान आणि 'काय वं' एवढ्यावर भागवितात. ह्या माणसाच्या तोंडीं मात्र मराठवाड्याच्या मातींतली बोली तिच्या सगळ्या हेलांसकट, तिच्या मायेसकट आणि तिच्या भांडणांसकट येत होती. आमच्या सोलापुराची सीमा मराठवाड्यास लागूनच. तो हेल आमच्या कानांस ओळखीचा. आमच्या आजोळचे गडी असेंच बोलत. त्यांतला एक तर हाच, असें त्या अंधारांत आम्हांस वाटून गेलें, आणि हंसतां हंसतां घशांत कांहीं अडकलें.

भरतमुनींनीं हास्याचे सहा भेद सांगितले आहेत. उत्तम पुरुषांचें स्मित आणि हसित. मध्यमांचें विहसित आणि उपहसित. अधमांचें अपहसित आणि अतिहसित. आम्ही विद्यार्थ्यांस हे भेद पाठ करावयास लावीत असूं, पण त्यांचा अर्थ त्या रात्रीं कळला. प्रयोगाच्या आरंभीं सगळें नाट्यगृह अतिहसितांत बुडालें होतें. माणसें मांड्यांवर थापा मारीत होतीं. त्या वेळीं आपण त्या खेडुतांस हंसत होतों, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु जसजसा प्रयोग पुढें सरला तसतसें त्या माणसांचें अडाणीपण मागें पडलें आणि त्यांचा जिव्हाळा पुढें आला. दूरदेशीं एकट्या पडलेल्या पोराच्या लग्नास आपण नाहीं तर कोण जाणार, ही त्यांची साधी विचारसरणी. विमान म्हणजे काय हें ठाऊक नाहीं, पण लग्नघरीं रित्या हातानें जाऊं नये हें ठाऊक आहे. शेवटीं शेवटीं प्रेक्षागृहांत जें उरलें तें स्मित होतें. म्हणजे हास्य अधमांकडून उत्तमांकडे चढत गेलें. उलट दिशेनें उतरणारें हास्य आपण रोज पाहतों. चढणारें क्वचितच पाहावयास मिळतें. खऱ्या नकलेची आमची पहिली खूण हीच.

आतां पूर्वीं कबूल केलेली गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगतांना अजूनही संकोच वाटतो.

वरील प्रयोगापूर्वी वर्षभर अगोदरची हकीकत. आम्ही आठवीच्या वर्गावर संस्कृत शिकवीत असूं. एके दिवशीं मुख्याध्यापकांकडे काम निघाल्यामुळें वर्गावर जावयास उशीर झाला. दाराशीं येतों तों आंतून आमचाच आवाज ऐकूं आला. डोकावून पाहिलें. एक मुलगा खुर्चीजवळ उभा होता. एका गिरणीकामगाराचा तो मुलगा. घरीं तेलुगू बोले, रस्त्यावर सोलापुरी मराठी बोले, आणि शाळेंत आमच्या धाकानें बहुधा कांहींच बोलत नसे. त्यानें हातांत पट्टी धरली होती, चष्मा वर सारल्याचा आविर्भाव करीत होता, आणि आमच्याच गळ्यांतून म्हणत होता, "रामः, रामौ, रामाः. समजलें का? काय करूलालास बे तिकडं? समजलें का?" सगळा वर्ग खदखदत होता. आमचें शुद्ध उच्चारण आणि त्याची 'करूलालास' ही बोली त्यानें अशी बेमालूम मिसळली होती कीं, आमच्या सगळ्या रुबाबाची हवाच निघून गेली.

आम्हीं आंत जाऊन त्याच पट्टीनें त्याला मारलें. इतकें मारलें कीं पट्टी मोडली. वर "आधीं शुद्ध बोलावयास शीक, मग गुरूची नक्कल कर" असें सुनावलें. तो रडला नाहीं. पण त्यानंतर त्या मुलानें वर्गांत तोंड उघडलेलें आम्हांस आठवत नाहीं. स्नेहसंमेलनांत त्याचें नांव पुढें आलें तर तो मान हलवून मागें सरे. पुढल्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें, आणि दहावीनंतर तो आमच्या नजरेआड झाला.

वर्षभरानें लक्ष्मणरावांचा प्रयोग पाहून घरीं चालत येतांना हा मुलगा आठवला. विद्यापीठांतला एक प्राध्यापक ती बोली मानानें रंगमंचावर नेतो, आणि आम्ही शाळामास्तर तीच बोली पट्टीनें झोडून काढतों! त्या पोरानें आमची थट्टा केली होती, हें खरें. परंतु आमचा स्वर, आमची लकब, आमची मान इतकी अचूक टिपण्यासाठीं त्यानें आमच्याकडे किती लक्ष दिलें असेल, हा विचार तोंवर आमच्या मनास शिवलाच नव्हता. आमचे 'रामः रामौ' सगळ्या वर्गांत बहुधा त्यानेंच सर्वांत मन लावून ऐकले होते. दुसरी खूण ही: खरी नक्कल लक्ष दिल्यावांचून होत नाहीं, आणि इतकें लक्ष माणूस परक्याकडे देत नाहीं.

नकलाकाराचें आयुष्य बाहेरून दिसतें तितकें सुखाचें नसतें, ह्याचें एक उदाहरण वऱ्हाड जेथें निघालें त्या विलायतेंतलेंच देतों. तेथें माइक यारवुड नांवाचा एक दूरचित्रवाणीवरील विनोदी नट होऊन गेला. जन्म १९४१, मृत्यु २०२३. त्याची हातोटी नामांकित माणसांची नक्कल करण्यांत. हॅरल्ड विल्सन आणि एडवर्ड हीथ हे त्या काळचे पंतप्रधान. एकाची चिलीम आणि दुसऱ्याचे हंसतांना गदगदणारे खांदे त्यानें असे उचलले कीं, लोक मूळ माणसांस पाहून नकलेची आठवण काढूं लागले. १९७७ सालच्या नाताळांत त्याचा कार्यक्रम दोन कोटींहून अधिक लोकांनीं पाहिला. कार्यक्रमाच्या अखेरीस तो सर्व सोंगें उतरून, 'आणि हा मी' अशा अर्थाचें वाक्य म्हणून आपल्या खऱ्या आवाजांत एक गाणें गाई.

पुढें काय झालें? विल्सन गेले, हीथ मागें पडले, १९७९ सालीं मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. त्या बाईंची नक्कल ह्याच्या आवाक्यांतली नव्हती. मुळें वाळलीं तशी फांदीही वाळूं लागली. नवे नकलाकार आले आणि ह्याचा बहर ओसरला. आज तेथील तरुणास विल्सनची नक्कल दाखविली तर तो विचारील, हा कोण? नामांकितांची नक्कल ही हुंडीसारखी असते. ज्याच्या नांवावर ती काढली त्याचें दिवाळें वाजलें कीं हिची किंमत कागदाएवढी. शिवाय आम्हांस त्या शेवटच्या गाण्याचें राहून राहून वाईट वाटतें. शंभर जणांचे आवाज काढणाऱ्या माणसास आपला आवाज लोकांस वेगळा काढून दाखवावासा वाटतो, त्यांत त्याची केवढी तहान असेल!

लक्ष्मणरावांचीं बावन्न माणसें अशीं कोणाच्या नांवावर काढलेलीं नव्हतीं. तीं निनांवी होतीं. गांवोगांवीं एक बाप्पा असतो, एक हट्टी पोर असतें, एक रुसलेली आत्या असते. राज्यें बदललीं म्हणून तीं हुद्द्यावरून उतरत नाहींत. म्हणूनच ही नक्कल टिकली. आणि 'आणि हा मी' असें लक्ष्मणरावांस निराळें सांगण्याची गरज पडली नसावी. त्या बावन्नांत ते स्वतः होतेच. हा आमचा तर्क आहे, पण ज्यानें प्रयोग पाहिला असेल त्यास तो पटेल.

२२ फेब्रुवारी २००९ रोजीं लक्ष्मणराव निवर्तले. त्या वेळीं आम्हांस असें वाटलें कीं, एका माणसाबरोबर बावन्न माणसें गेलीं. नाटकाची संहिता छापतां येते, परंतु एकपात्री नकलेचें सगळें बिऱ्हाड नटाच्या देहांत असतें. देह गेला कीं घर मोडलें. ही आमची समजूतही चुकीची ठरली. पुढें संदीप पाठक ह्या अभिनेत्यानें, तेही मराठवाड्याचेच, तोच प्रयोग हातीं घेतला आणि वऱ्हाड पुन्हां निघालें. पुन्हां पाहतांना जुने लोक आरंभीं दोघांची तुलना करीत बसतात. थोड्या वेळानें तुलना विसरून बबन्याकडे पाहूं लागतात. मुळावरून नक्कल काढली, त्या नकलेवरून दुसरी काढली, तरी म्हातारीचा हेल तोच. दप्तर जळलें तरी नकलेवरून हक्क शाबीत होतो म्हणतात, तसेंच हें.

आम्ही निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनीं शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनीं एक मेळावा भरविला. सर्व जुन्या शिक्षकांस बोलावणें होतें. आमचे चित्रकलेचे सहकारी तत्पूर्वीच वारले होते. त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेंत बसल्या होत्या. भाषणें झालीं, सत्कार झाले. मग मागच्या रांगेंतून एक पन्नाशीकडे झुकलेला मनुष्य उठला. केस पिकलेले, अंगांत साधा सदरा. आम्हीं त्यास ओळखलें नाहीं. तो व्यासपीठावर गेला, आमच्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाला, "सर, परवानगी असंल तर." मग त्यानें नसलेला चष्मा वर सारला. "रामः, रामौ, रामाः. समजलें का?"

सभागृह हंसलें. आम्हीही हंसलों, आणि त्याच वेळीं डोळे पुसले. परंतु तो तेथें थांबला नाहीं. त्यानें पाठ किंचित् वांकविली, खडू हातांत धरल्यासारखी बोटें केलीं, आणि आमच्या दिवंगत चित्रकलाशिक्षकांच्या मऊ, थोड्या घोगऱ्या आवाजांत म्हणाला, "रेघ चुकली तर चुकूं द्या रे बाळांनो. खोडरबर आहे ना!" सभागृहांत टांचणी पडली तरी ऐकूं येईल अशी शांतता झाली. कोणी हंसेना. पहिल्या रांगेंतल्या त्या माउलीनें हात वर केला आणि इतकेंच म्हणाल्या, "बाळ, पुन्हां एकदां म्हण." त्यानें पुन्हां म्हटलें. त्या घरांत त्या आवाजाची एकही ध्वनिफीत नव्हती, हें आम्हांस मागून कळलें. आमच्या पट्टीच्या मारानेंही जो गेला नाहीं, असा तो मृत माणसाचा आवाज ह्या मुलानें पस्तीस वर्षें जपून ठेविला होता.

कार्यक्रमानंतर आम्हीं त्याचे हात धरून माफी मागितली. तो संकोचला. "जाऊं द्या सर, ते दिवस तसे होते," एवढेंच बोलला. तो आतां कापडाच्या दुकानांत काम करतो. रंगभूमीचें त्यानें कधीं नांव काढलें नाहीं. त्याच्यांत एक लक्ष्मण देशपांडे होता असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु होता कीं नव्हता हें कळण्याची वाट आम्हींच बंद केली, हें मात्र खरें. आम्हांस ह्याचें प्रायश्चित्त नाहीं. इतरांस सावध करणें एवढेंच हातीं आहे.

म्हणून आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात त्यांस, आमची विनंति आहे. घरांतलें एखादें मूल आजोबांच्या खोकल्याची, आत्याच्या चालण्याची किंवा भाजीवालीच्या हांकेची नक्कल करूं लागलें, तर धपाटा घालण्यापूर्वी एक क्षण थांबावें. तें मूल कोणाचें व्यंग दाखवून, कोणास खालीं पाडून हंसवीत असेल, तर त्यास अवश्य आवरावें. लंगड्याच्या लंगडण्यावर उभें राहिलेलें हास्य कोणत्याही शास्त्रांत बसत नाहीं. परंतु तें प्रेमानें, बारकाईनें, माणूस समजून घेऊन हंसवीत असेल, तर त्यास पुन्हां एकदां करावयास सांगावें. दुर्बळाची नक्कल करणाऱ्यास रोखावें आणि बलिष्ठाची करणाऱ्यास सोसावें, असा एक ढोबळ नियम आम्हीं आमच्यापुरता केला आहे; आणि घरांत बलिष्ठ म्हणजे बहुतेक आपणच असतों.

आतांशा घरोघर हातांत यंत्रें आहेत. आवाज टिपतां येतो, चित्र टिपतां येतें. तरी आमची खात्री आहे कीं, यंत्र टिपतें तो आवाज, आणि मूल टिपतें तो माणूस. आमच्या पश्चात् ह्या ओसरीवर कोणी खुंटीवरचें उपरणें खांद्यावर टाकून "समजलें का" असें म्हटलें, आणि सगळे हंसले, तर आमचें श्राद्ध यथासांग झालें असें आम्ही समजूं.

सूनबाईंस हा लेख वाचून दाखविला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. मात्र दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आमचें उपरणें धुऊन, घडी घालून, नातवाचा हात पोंचेल अशा खालच्या खुंटीवर ठेविलेलें आढळलें.